मुले निर्णय घेतात. पण कोणाच्या सांगण्यावरून?

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात मानवी प्रजननावर स्वतंत्र भाग आहे. स्त्री-पुरुषांची प्रजननसंस्था, ऋतुचक्र, लैंगिक आरोग्य असे विषय तेथे क्रमाने मांडलेले आहेत आणि परीक्षेत त्यांवर प्रश्नही विचारले जातात. तरीही अनेक वर्गांत हा भाग "घरी वाचून घ्या" एवढ्या सूचनेवर संपतो. घरी मुलाने चुकून विचारलेच, तर "ते शाळेत शिकवतील" असे उत्तर मिळते. शाळा आणि घर यांच्यामध्ये राहिलेल्या या मोकळ्या जागेत आपली मुले-मुली उभी असतात. ती जागा फार काळ मोकळी राहत नाही. मित्र, मोबाईल, चित्रपट आणि भिंतींवरच्या 'गुप्तरोगां'च्या जाहिराती ती भरून काढतात.

जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 या वयास किशोरवय म्हणते. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात या वयाचे सुमारे 25 कोटी नागरिक होते. या वयात शरीर बदलते, मन अस्थिर होते आणि आयुष्यात प्रथमच काही निर्णय एकट्याने घ्यावे लागतात. नकोसा स्पर्श झाला तर सांगावे की गप्प राहावे? कोणी छायाचित्र मागितले तर पाठवावे का? शरीराविषयी शंका आली तर डॉक्टरांकडे जावे की मित्राला विचारावे? घरच्यांनी सतराव्या वर्षी स्थळ आणले तर 'नाही' म्हणता येते का? हे सर्व लैंगिक आरोग्याचेच निर्णय आहेत. ते मूल घेते. पण त्यामागे बोलणारा आवाज बहुधा दुसऱ्याच कोणाचा असतो. प्रस्तुत लेखात त्या आवाजांचा विचार करावयाचा आहे.

मौनही शिकवत असते

परिचयातील एका कुटुंबात काही वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग येथे सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अकरावीतील एका मुलीने शिकवणी वर्गातील मुलाला आपले एक छायाचित्र पाठवले. पुढे तो आणखी छायाचित्रे मागू लागला. न दिल्यास पहिले छायाचित्र सर्वांना पाठवीन, अशी धमकी देऊ लागला. मुलगी चार महिने गप्प राहिली. वजन घटले, गुण घसरले. अखेर तिने मावशीला सांगितले. मावशीने आधी तिला जवळ घेतले, मग आईवडिलांशी बोलली आणि पोलिसांच्या सायबर शाखेकडे तक्रार झाली. प्रकरण तेथेच थांबले.

मला महत्त्वाचे वाटते ते तिने नंतर दिलेले उत्तर. "तेव्हाच का सांगितले नाहीस?" या प्रश्नावर ती म्हणाली, की दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका मुलीविषयी घरात बोलणे चालले होते आणि "अशा मुलींमुळे घराण्याचे नाव जाते" असे वाक्य तिने ऐकले होते. ते तिला उद्देशून मुळीच नव्हते. बोलणारे ते विसरूनही गेले होते. तिने मात्र ते जपून ठेवले होते. त्या मुलाच्या धमकीपेक्षा या एका वाक्याने तिला अधिक काळ गप्प बसवले.

आपण मुलांना लैंगिक शिक्षण देत नाही, असे समजतो. ते खरे नाही. जेवणाच्या ताटावर शेजाऱ्यांच्या मुलीविषयी आपण काय बोलतो, दूरदर्शनवर एखादे दृश्य आले की वाहिनी कशी बदलतो, मुलगा उशिरा आला तर आणि मुलगी उशिरा आली तर आपल्या स्वरात किती फरक पडतो, यांतून आपण रोज शिकवत असतो. "या विषयावर आमच्याशी बोलू नकोस" हा त्या शिक्षणाचा पहिला धडा असतो आणि मुले तो फार चोख पाठ करतात.

बँकेतील नोकरीत याच वृत्तीचा एक वेगळा नमुना अनेकदा पाहिला. खाते उघडताना 'वारसाचे नाव' हा रकाना भरावयास सांगितले, की काही ग्राहक अस्वस्थ होत. मरणाचा उल्लेख अशुभ, म्हणून रकाना कोरा. पुढे ती व्यक्ती गेल्यावर पत्नी आणि मुले कागदपत्रांसाठी महिनोन्‌महिने हेलपाटे घालीत. विषय टाळल्याने मृत्यू टळला नाही. फक्त मागे राहिलेल्यांची अडचण वाढली. किशोरवयाविषयीच्या आपल्या मौनाचा हिशेबही याहून वेगळा नाही.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचा विवाह वयाच्या अठरा वर्षांपूर्वी झालेला आढळला. म्हणजे दर पाचांत एकीहून अधिक. 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 7.6 टक्के मुली सर्वेक्षणाच्या वेळी माता झाल्या होत्या किंवा गर्भवती होत्या. हे आकडे प्रगत म्हणवणाऱ्या राज्याचे आहेत. यांतील बहुतेक मुलींच्या बाबतीत निर्णय त्यांचा नव्हताच. तो घराने, भावकीने आणि 'मुलगी मोठी झाली' या वाक्याने घेतलेला होता. याच सर्वेक्षणात देशपातळीवर एचआयव्ही-एड्सविषयी समग्र माहिती असलेल्या स्त्रिया केवळ 21.6 टक्के आणि पुरुष 30.7 टक्के आढळले.

दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 13 राज्यांतील 12,447 मुलांशी संवाद साधण्यात आला. त्यांपैकी 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचे लैंगिक शोषण झाल्याचे सांगितले आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते. जवळजवळ निम्म्या प्रकरणांत त्रास देणारी व्यक्ती मुलाच्या ओळखीची व विश्वासातील होती. "आमच्या घरात, आमच्या समाजात असे होत नाही" हे वाक्य म्हणताना हा आकडा समोर ठेवावा.

सुशिक्षित, सुस्थित समाज यातून आपोआप सुटतो, असेही नाही. 2011 च्या जनगणनेत जैन समाजाची साक्षरता सुमारे 95 टक्के, म्हणजे देशातील सर्व धर्मीयांत सर्वाधिक होती. त्याच जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे आपल्या समाजात मुली मात्र 889 होत्या. अक्षरज्ञान वाढले तरी कुटुंबातील दडपण, प्रतिष्ठेची कल्पना आणि 'लोक काय म्हणतील' ही भीती निर्णय आपल्या हाती ठेवू शकते, हे या दोन आकड्यांवरून उमजते.

विरोध आणि त्यामागील चिंता

महाराष्ट्राला या विषयाची परंपरा नाही असे नाही. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि 1927 पासून 1953 मध्ये निधन होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. नोकरी गमावली, खटले सोसले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांची सर्व मते आपल्याला मान्य होण्याचे कारण नाही. धर्माविषयीची त्यांची काही मते तर आपल्याला खटकतीलच. परंतु शरीराविषयीचे अज्ञान हे पावित्र्य नव्हे, हा त्यांचा मुद्दा शंभर वर्षांनंतरही खोडता आलेला नाही.

2007 साली केंद्र सरकारच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाच्या साहित्यावरून देशभर वाद झाला. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक आदी राज्यांनी तो थांबवला. राज्यसभेच्या याचिका समितीनेही 2009 च्या अहवालात शाळांतील लैंगिक शिक्षणाला प्रतिकूल मत दिले. विरोध करणाऱ्यांत आपल्या समाजातील पूज्य आचार्यही होते. त्यांच्या चिंतेला उडवून लावणे योग्य होणार नाही. साहित्यातील काही चित्रे वयाला न शोभणारी वाटली होती, शिक्षकांची तयारी अपुरी होती आणि संयमाच्या संस्काराला त्यात दुय्यम स्थान मिळेल, अशी भीती होती.

मात्र तेव्हापासून एक मोठा फरक पडला आहे. 2007 साली शालेय मुलाच्या हाती स्मार्टफोन नव्हता. 2016 नंतर मोबाईलवरील इंटरनेट इतके स्वस्त झाले, की ज्या चित्रांवरून पुस्तक मागे घेतले गेले, त्यांहून कितीतरी विकृत दृश्ये आज मुलाच्या तळहातावर आहेत. तेथे ना वयाचे बंधन आहे, ना संस्कार, ना प्रेम. स्त्री ही भोगवस्तू आहे आणि नकाराला अर्थ नसतो, असे ती दृश्ये शिकवतात. म्हणून शिक्षण द्यावे की नाही, हा प्रश्न आता आपल्या हाती उरलेला नाही. शिक्षक कोण असावा, एवढेच ठरवणे आपल्या हाती आहे.

माहिती दिली की मुले बिघडतील, ही शंका प्रामाणिक आहे. युनेस्कोने 2018 साली आपल्या लैंगिक शिक्षणविषयक मार्गदर्शिकेची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. जगभरातील संशोधनाचा आढावा घेऊन तिने असा निष्कर्ष मांडला, की अशा शिक्षणाने मुलांचे लैंगिक वर्तन किंवा धोका पत्करण्याची वृत्ती वाढत नाही; उलट अनेक कार्यक्रमांनंतर संबंध उशिरा सुरू झाले आणि सावधगिरी वाढली. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर 2024 च्या एका निकालात लैंगिक शिक्षणाविषयीच्या गैरसमजांची दखल घेऊन सर्वसमावेशक शिक्षणाची शिफारस केली.

आपला धर्म काय सांगतो?

ज्या समाजाच्या आचारधर्मात ब्रह्मचर्याला व्रताचे स्थान आहे, त्याने या विषयाचे नाव घ्यावे का, असे विचारले जाते. श्रावकाच्या पाच अणुव्रतांकडे पाहिले तर उत्तर तेथेच मिळते. गृहस्थाचे ब्रह्मचर्याणुव्रत स्वदारसंतोषाचे आहे. त्याच्या अतिचारांची गणना आपल्या श्रावकाचार ग्रंथांनी स्पष्ट शब्दांत केली आहे. ज्या विषयाच्या मर्यादा सांगावयाच्या, तो विषय आपल्या आचार्यांनी कधी झाकून ठेवला नाही. झाकून ठेवण्याची सवय आपली आहे.

रत्नत्रयातही सम्यक् दर्शनानंतर सम्यक् ज्ञान येते आणि त्यानंतर सम्यक् चारित्र. ज्ञानावाचून केवळ भीतीने पाळलेला संयम पहिल्याच वसतिगृहात गळून पडतो. समजून स्वीकारलेला संयम टिकतो. शिवाय अहिंसा ज्याला खऱ्या अर्थाने कळली, तो दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध त्याला स्पर्श करणार नाही, कोणाचे छायाचित्र पसरवणार नाही आणि कोणाच्या देहावरून चेष्टा करणार नाही. आज ज्याला 'संमती' म्हणतात, ती आपल्या मुलांना अहिंसेच्या भाषेत फार सोपी करून सांगता येईल.

आपल्या घरांतील दोन गोष्टींचा उल्लेख मुद्दाम करतो. पहिली मासिक पाळीची. त्या दिवसांत देवदर्शन करावे की नाही, हा ज्या त्या कुटुंबाच्या श्रद्धेचा भाग आहे. पण मुलीच्या मनात "मी घाण आहे" असा भाव रुजता कामा नये. पाळी हे निरोगी शरीराचे लक्षण आहे, हे तिला पाळी येण्यापूर्वीच कळले पाहिजे आणि तिच्या भावालाही कळले पाहिजे. दुसरी गोष्ट उपवासांची. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 19 वयाच्या 57.2 टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. पर्युषणात कोवळ्या वयाच्या मुली अठाई करतात, त्यांच्या तपाचे आपण कौतुक करतो. त्याआधी हिमोग्लोबिन तपासून घेणे आणि डॉक्टरांचा सल्ला घेणे यात तपाला कोणताही बाध येत नाही.

कोणत्या वयात काय सांगावे?

सर्व काही एकाच दिवशी, गंभीर चेहऱ्याने सांगावयाचे नसते. वयानुसार थोडे थोडे, सहज बोलता बोलता सांगावे.

तीन ते सात वर्षे : शरीराच्या अवयवांची योग्य नावे. कोणते अवयव खासगी आहेत, नकोसा स्पर्श झाला तर "नको" म्हणावे आणि घरी लगेच सांगावे. काका, मामा, शिक्षक, कोणीही असले तरी. मुलाला इच्छेविरुद्ध पाहुण्याच्या मांडीवर बसण्याचा किंवा पापी देण्याचा आग्रह करू नये.

आठ ते बारा वर्षे : मुलींना पाळीविषयी, मुलांना आवाज फुटणे, केस येणे आणि झोपेत होणारे वीर्यस्खलन यांविषयी आधीच सांगावे. बहुतेक घरांत मुलीशी आई निदान चार शब्द बोलते. मुलाशी कोणीच बोलत नाही. 'धातू जाते, शक्ती जाते' या भीतीने कितीतरी तरुण भोंदू वैद्यांच्या दारी पैसा आणि आत्मविश्वास घालवतात. या भीतीतून उद्भवणाऱ्या तक्रारींना मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी 1960 साली 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. झोपेत असे होणे नैसर्गिक आहे, हे वडिलांचे एक वाक्य तो सारा खर्च वाचवू शकते.

याच वयात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणाऱ्या एचपीव्ही लशीचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा. नऊ ते चौदा हे वय त्यासाठी सर्वांत योग्य मानले जाते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' ही भारतीय लसही आता उपलब्ध आहे. लस घेतल्याने मुलीच्या चारित्र्याविषयी काहीही सूचित होत नाही. ती कर्करोगावरची लस आहे, इतकेच.

तेरा ते पंधरा वर्षे : आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे, त्यानुसार लगेच वागणे आवश्यक नाही, हे सांगावे. मोबाईलवरील अश्लील दृश्ये हा अभिनय आणि व्यापार आहे. खरे सहजीवन तसे नसते. आपले किंवा दुसऱ्याचे खासगी छायाचित्र पाठवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे : "चूक झाली तरी आधी आमच्याकडे ये; रागावणे नंतर, मदत आधी."

सोळा ते एकोणीस वर्षे : गर्भधारणा कशी होते, ती कशी टाळली जाते, लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार कोणते, हे स्पष्टपणे सांगावे. मूल पुण्याला किंवा कोट्याला वसतिगृहात जाण्यापूर्वी हे बोलणे झालेले असावे. संयमाचा आग्रह धरावा. पण माहिती लपवून नव्हे.

कायद्याचीही माहिती द्यावी. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती कायद्याने संमती ठरत नाही. दोघांच्या इच्छेने झालेल्या संबंधातही सतरा वर्षांचा मुलगा बाल न्याय मंडळापुढे उभा राहू शकतो. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा या कायद्यान्वये गुन्हा आहे. 'घरातले प्रकरण घरात मिटवले' ही सबब तेथे चालत नाही. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार मुलीचे वय 18 आणि मुलाचे 21 पूर्ण असल्याखेरीज विवाह करता येत नाही.

मदत कोठे मिळते?

केंद्र सरकारने 7 जानेवारी 2014 रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याअंतर्गत महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' चालतात. तेथे किशोरवयीनांना तपासणी व समुपदेशन मिळते. संकटात सापडलेल्या बालकांसाठी 1098 आणि मानसिक ताणासाठी 'टेलिमानस'चा 14416 हे क्रमांक मोफत आहेत. हे दोन्ही क्रमांक मुलांच्या मोबाईलमध्ये जतन करून द्यावेत.

आपल्या स्थानिक संस्थांनाही येथे काम आहे. उन्हाळ्यातील संस्कार शिबिरांत आणि पाठशाळांत आपण सामायिक, प्रतिक्रमण, स्तोत्रे शिकवतो. त्याच शिबिरात एक दिवस स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना बोलवावे. त्याआधी पालकांची स्वतंत्र सभा घ्यावी. डॉक्टर काय सांगणार आहेत ते त्यांना आधी कळावे, त्यांच्या शंका तेथेच फिटाव्यात. मुले आणि मुली यांच्यासाठी वेगळी सत्रे असावीत. प्रश्न नाव न लिहिता चिठ्ठीवर घ्यावेत. चातुर्मासात गुरुदेवांच्या सान्निध्यात संयम या विषयावर युवकांसाठी प्रवचन होतेच. डॉक्टरांचे ज्ञान आणि गुरूंचा उपदेश एकाच आठवड्यात मुलांना मिळाला, तर एक दुसऱ्याला पूरकच ठरेल. 2007 चा वाद साहित्याच्या दर्जावरून झाला होता; आपल्या शिबिरात दर्जा राखणे आपल्याच हाती आहे.

खर्च म्हणावा तर एका सभागृहाचा आणि एका दुपारचा. एवढे होईपर्यंत घरातल्या घरात एक गोष्ट मात्र आजपासूनच करता येईल. दुसऱ्याच्या मुलीविषयी किंवा मुलाविषयी बोलताना, आपले मूल दाराआडून ऐकत आहे असे समजून बोलावे. उद्या त्याच्यावर प्रसंग आला, तर आपल्याकडे यावे की न यावे, हे ते त्या बोलण्यावरूनच ठरवणार आहे.